कर्ता नसलेली हिंसा : दक्षिण आफ्रिका, १९९० ते १९९४

दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवटीच्या शेवटाची हकिकत आपल्याकडे सहसा एका दमात सांगून टाकली जाते. नेल्सन मंडेला सत्तावीस वर्षांच्या कारावासानंतर सुटले, त्यांनी सूडाची भाषा केली नाही, गोऱ्या सरकारशी वाटाघाटी झाल्या, निवडणूक झाली, आणि रक्तपात न होता सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात गेली. वसाहतोत्तर साहित्याचा पेपर शिकवताना पार्श्वभूमी म्हणून हे सारे आम्हीही अनेक वर्षे वर्गात सांगत आलो आहोत. त्यातील पहिली चार विधाने खरी आहेत. पाचवे खोटे आहे, आणि ते इतके दिवस खपले कसे, हा ह्या लेखाचा विषय आहे.

मंडेला ११ फेब्रुवारी १९९० रोजी तुरुंगाबाहेर आले. सर्व वर्णांच्या नागरिकांना मताधिकार असलेली पहिली निवडणूक एप्रिल १९९४च्या अखेरच्या आठवड्यात झाली. ह्या दोन घटनांच्या मधल्या काळात राजकीय हिंसेत सुमारे १४ हजार माणसे मारली गेली, असा अंदाज आहे. ह्या आकड्याचे वजन कळण्यासाठी एक तुलना पुरेशी आहे. ज्या शार्पव्हिलच्या नावाने वर्णभेदाचे क्रौर्य जगाला कळले, तेथे २१ मार्च १९६० रोजी पोलिसांच्या गोळीबारात मेलेल्यांचा दीर्घकाळ मान्य असलेला अधिकृत आकडा ६९ आहे. म्हणजे वाटाघाटींच्या चार वर्षांत सरासरीने दर आठवड्याला जवळजवळ एक शार्पव्हिल घडत होते. शार्पव्हिलचा दिवस पाठ्यपुस्तकांत आहे. ह्या दोनशेहून अधिक आठवड्यांना मात्र नाव नाही.

आमच्या मते ह्याचे एक कारण भाषेत आहे. शार्पव्हिलच्या वाक्याला कर्ता आहे : पोलिसांनी माणसे मारली. १९९० नंतरच्या हिंसेबद्दलची वाक्ये पाहिली तर त्यांत कर्ता सापडत नाही. हिंसाचार उसळला, दंगल भडकली, लोण पसरले, बळी गेले. मराठी वर्तमानपत्रांना ही क्रियापदे नवी नाहीत. ती पूर, वणवा आणि साथीचे रोग ह्यांच्यासाठी घडलेली आहेत. अशी क्रियापदे वापरली की मेलेल्यांची मोजदाद होते, मारणाऱ्यांची होत नाही. दक्षिण आफ्रिकेत हा कर्ता कसकसा हरवत गेला, कोणी तो शोधण्याचा प्रयत्न केला आणि त्याला किती यश आले, हे क्रमाने पाहू.

१

२ फेब्रुवारी १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष एफ. डब्ल्यू. डी क्लर्क ह्यांनी केपटाउनच्या संसदेत आफ्रिकन नॅशनल काँग्रेस, कम्युनिस्ट पक्ष आणि पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस ह्यांच्यावरील बंदी उठवल्याची घोषणा केली. त्या वेळी नाताळ प्रांतात एक युद्ध आधीच चालू होते. एका बाजूला मंगोसुथु बुथेलेझी ह्यांची इंकाथा ही झुलू संघटना होती, तर दुसऱ्या बाजूला आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या बाजूचे युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंटचे कार्यकर्ते. दोन्हीकडचे बहुसंख्य लोक झुलूच होते. सुटकेनंतर दोनच आठवड्यांनी मंडेला डरबानला गेले आणि प्रचंड सभेपुढे त्यांनी सुरे, बंदुका, कोयते समुद्रात फेकून देण्याचे आवाहन केले. मार्चच्या अखेरीस पीटरमॅरिट्झबर्गजवळच्या खोऱ्यात सलग आठवडाभर गावे जाळण्यात आली. तेथे ते ‘सात दिवसांचे युद्ध’ म्हणून ओळखले जाते.

जुलै १९९०मध्ये इंकाथाने स्वतःला देशव्यापी राजकीय पक्ष म्हणून जाहीर केले, आणि त्याच महिन्यात हिंसा जोहान्सबर्गभोवतीच्या औद्योगिक पट्ट्यात पोहोचली. सेबोकेंग, थोकोझा, काटलेहोंग, व्हॉस्लूरस ही नावे ह्यानंतर रोजच्या बातम्यांत येऊ लागली. ती का आली, हे समजण्यासाठी ‘हॉस्टेल’ ही संस्था समजून घ्यावी लागते.

हॉस्टेल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विद्यार्थी येतात. तेथील हॉस्टेल आपल्या गिरणगावातल्या गाळ्यांच्या अधिक जवळचे होते. कोकणात वा घाटावर कुटुंब ठेवून आलेले गिरणी कामगार एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत आणि खाणावळीत जेवत, तसेच खाणी आणि कारखान्यांतील मजूर तेथे राहत. फरक एवढाच की गिरणगावातल्या माणसाला बायको-मुले आणणे परवडत नव्हते. तेथे ते दीर्घकाळ कायद्यानेच निषिद्ध होते. १९८६पर्यंत कृष्णवर्णीय माणसाला पासाशिवाय शहरात राहता येत नव्हते. पासाचे कायदे गेले, तरी हॉस्टेले राहिली. नाताळच्या ग्रामीण भागातून आलेला, गावच्या प्रमुखाशी बांधलेला एकटा पुरुष हॉस्टेलात. त्याच्या भिंतीबाहेर शहरात जन्मलेली कुटुंबे घरांत आणि झोपड्यांत. बाहेरच्यांच्या लेखी आतला अडाणी, आतल्याच्या लेखी बाहेरची पोरे बेमुर्वत. हा ताण जुना होता, पण त्याने आधीच्या दशकांत दर आठवड्याला साठ माणसे मरत नव्हती. ताण होता म्हणून कत्तल झाली, असे म्हणणे म्हणजे कोरडे गवत होते म्हणून आग लागली असे म्हणण्यासारखे आहे. काडी कोणी टाकली हा प्रश्न त्याने सुटत नाही.

२

ह्या प्रश्नाला पहिले उत्तर वर्तमानपत्रांनी आणि सरकारने दिले : ही ‘काळ्यांची काळ्यांविरुद्धची हिंसा’ आहे. हा शब्दप्रयोग त्या वर्षांत जगभर छापला गेला. वरवर पाहता त्याला कर्ता आहे, परंतु तो कर्ता म्हणजे त्वचेचा रंग आहे. पहिल्या महायुद्धाला ‘गोऱ्यांची गोऱ्यांविरुद्धची हिंसा’ असे कोणी म्हणत नाही. तेथे राष्ट्रे असतात, हितसंबंध असतात, सेनापती असतात. येथे मात्र रंग सांगितला की कारण सांगून झाले, आणि जोडीला एक अनुमानही आपोआप निघते : हे लोक स्वतःचे राज्य चालवण्यास अद्याप लायक झालेले नाहीत. सत्ता हातातून जाण्याच्या बेतात असलेल्या सरकारला ह्याहून सोयीचे वाक्य सापडणे कठीण होते.

जुलै १९९१मध्ये ‘वीकली मेल’ ह्या साप्ताहिकाने सुरक्षा पोलिसांची गुप्त कागदपत्रे छापली. सरकार इंकाथाच्या सभांना गुपचूप पैसा पुरवत होते, हे त्यांतून सिद्ध झाले. संरक्षणमंत्री आणि पोलिसमंत्री ह्या दोघांना खाती सोडावी लागली. त्याआधीपासूनच रेल्वेगाड्यांमधील हत्याकांडांनी लोक हादरलेले होते. १३ सप्टेंबर १९९० रोजी जोहान्सबर्गच्या बेनरोज स्थानकाजवळ उपनगरी गाडीत शिरलेल्या टोळीने २६ माणसे मारली. अशा हल्ल्यांतून वाचलेल्यांच्या साक्षींत एक तपशील पुन्हा पुन्हा येतो : मारेकरी बोलत नव्हते. ते घोषणा देत नव्हते, तू कोणत्या पक्षाचा वा कोणत्या भाषेचा असे विचारत नव्हते. जो डब्यात होता तो मरत होता. आपसातील वैराने पेटलेली माणसे इतकी मुकी नसतात. त्यामुळे ह्यामागे कोणीतरी तिसरे आहे, असा संशय बळावला. ‘तिसरी शक्ती’ हा शब्द मंडेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या भाषणांत रूढ झाला.

तिसरी शक्ती ही निव्वळ कल्पना नव्हती. रिचर्ड गोल्डस्टोन ह्या न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली १९९१मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगाने नोव्हेंबर १९९२मध्ये लष्करी गुप्तहेर खात्याच्या एका छुप्या कार्यालयावर छापा घातला. त्यानंतर डी क्लर्क ह्यांनी २३ लष्करी अधिकाऱ्यांना निवृत्त वा निलंबित केले. मार्च १९९४मध्ये, निवडणुकीला सहा आठवडे उरले असताना, त्याच आयोगाने पोलिस दलातील काही सर्वोच्च अधिकाऱ्यांवर इंकाथाच्या लोकांना शस्त्रे पुरवल्याचा ठपका ठेवला. व्लाकप्लास ह्या शेतावरून चालणाऱ्या पोलिसांच्या मारेकरी पथकाचा प्रमुख यूजीन डी कॉक ह्याला १९९६मध्ये शिक्षा झाली, आणि त्याने वरिष्ठांची नावे घेत दिलेल्या साक्षींनी उरलासुरला संशयही फेडला.

तरीही साहित्याच्या अभ्यासकाला ह्या शब्दाची एक अडचण जाणवते. ‘काळ्यांची काळ्यांविरुद्धची हिंसा’ म्हणताना कर्ता सर्वत्र होता. ‘तिसरी शक्ती’ म्हणताना तो अदृश्य झाला. जे जे घडले ते अदृश्य हाताने घडवले असे मानले, की दृश्य हातांचा हिशेब करण्याची गरज उरत नाही. ‘स्वसंरक्षण’ पथकांतील आपल्याच मुलांनी फितूर ठरवलेल्या माणसाच्या गळ्यात पेट्रोल भरलेला टायर अडकवला, तर त्याचे काय? ग्रेग मॅरिनोविच ह्या छायाचित्रकाराला १९९१चे पुलित्झर पारितोषिक ज्या छायाचित्रांसाठी मिळाले, त्यांत सोवेटोमध्ये जिवंत जाळला जाणारा माणूस आहे. जाळणारे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे समर्थक होते. त्या चित्रांत तिसरे कोणी नाही.

बोइपाटोंग हे ह्या अडचणीचे सर्वांत दुःखद उदाहरण आहे. १७ जून १९९२च्या रात्री क्वामादाला हॉस्टेलमधील इंकाथा समर्थकांनी ह्या वस्तीत शिरून ४५ माणसे मारली. त्यांत बायका आणि मुले होती. पोलिसांच्या गाड्यांनी हल्लेखोरांना आणून सोडले, असे रहिवाशांनी सांगितले. सत्य व सलोखा आयोगाच्या १९९८च्या अहवालाने पोलिसांची साथ होती असा निष्कर्ष काढला. पुढे त्याच आयोगाच्या क्षमादान समितीने हल्लेखोरांचे अर्ज तपासले, आणि पोलिसांचा हात असल्याचा पुरावा नाही असे म्हटले. एकाच संस्थेने एकाच रात्रीचे दोन कर्ते सांगितले. ज्यांची माणसे त्या रात्री गेली, त्यांनी कोणते वाक्य पाठ करावे?

३

ही हिंसा वाटाघाटींच्या आड येत होती, असे बहुतेक इतिहासांत लिहिलेले असते. क्रम लावून पाहिला तर वेगळे दिसते. ती वाटाघाटींच्या खोलीतच बसलेली होती.

डिसेंबर १९९१मध्ये सर्वपक्षीय परिषद सुरू झाली. मार्च १९९२मध्ये डी क्लर्क ह्यांनी केवळ गोऱ्या मतदारांचे सार्वमत घेतले, आणि सुमारे ६९ टक्के मतदारांनी वाटाघाटींना पाठिंबा दिला. ह्या विजयाने सरकारची भूमिका ताठर झाली. परिषद अडली, त्यात बोइपाटोंग घडले, आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेस बोलणी सोडून रस्त्यावर उतरली. ७ सप्टेंबर १९९२ रोजी सिस्काय ह्या नामधारी ‘स्वतंत्र’ राज्याच्या बिशो ह्या राजधानीवर तिने मोर्चा नेला. काही नेते कुंपणातील फटीतून जमावासह पुढे धावले आणि सिस्कायच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या. २८ मोर्चेकरी आणि एक सैनिक मेला. गोळ्या कोणी झाडल्या ह्याविषयी वाद नाही. पण जमावाला त्या फटीतून धावायला लावणे शहाणपणाचे होते का, हा प्रश्न पक्षातही विचारला गेला.

पुढे जे झाले ते महत्त्वाचे आहे. तीन आठवडेही उलटले नव्हते तोच, २६ सप्टेंबरला, मंडेला आणि डी क्लर्क ह्यांनी एका सामंजस्य-करारावर सह्या केल्या. हॉस्टेलांना कुंपण घालणे, पारंपरिक शस्त्रे म्हणून मिरवल्या जाणाऱ्या भाल्या-लाठ्यांवर बंदी आणि राजकीय कैद्यांची सुटका ही त्याची कलमे. बुथेलेझींना वगळून झालेल्या ह्या करारातूनच अंतिम तोडग्याची वाट निघाली. कम्युनिस्ट नेते जो स्लोव्हो ह्यांनी जुन्या नोकरशाहीला काही वर्षे अभय आणि सत्तेत भागीदारी देण्याची सूचना मांडली, तीही ह्याच सुमारास. बिशोच्या मृतांवाचून हे इतक्या लवकर घडले असते, असे आम्हांस वाटत नाही. आणि हे लिहिताना बरेही वाटत नाही, कारण ‘त्यांचे रक्त वाया गेले नाही’ हे वाक्य नेहमी जिवंत माणसेच लिहितात.

१० एप्रिल १९९३ हा ईस्टरचा शनिवार होता. जोहान्सबर्गच्या पूर्वेस बोक्सबर्गमध्ये, स्वतःच्या घराच्या दारात, ख्रिस हानी ह्यांना गोळ्या घालण्यात आल्या. तरुण लढवय्यांमध्ये मंडेलांच्या खालोखाल प्रिय असलेला हा नेता त्या वेळी कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस होता. मारणारा यानुश वालुश हा पोलंडहून आलेला गोरा निर्वासित होता. त्याला पिस्तूल पुरवणारा क्लाइव्ह डर्बी-लुईस हा कडव्या उजव्या पक्षाचा राजकारणी. देश यादवीच्या तोंडाशी आला. डी क्लर्क राष्ट्राध्यक्ष होते, पण दूरचित्रवाणीवरून राष्ट्राला धीर द्यायला उभे राहिले ते कोणतेही सरकारी पद नसलेले मंडेला.

त्या भाषणाचे एरवी जे कौतुक होते, ते त्यातील संयमाचे. आम्हांस त्यातील वाक्यरचना अधिक महत्त्वाची वाटते. सर्व बाजू कर्ता लपवत असताना मंडेलांनी एकाऐवजी दोन कर्ते सांगितले. द्वेषाने भरलेल्या एका गोऱ्या पुरुषाने हे कृत्य केले. आणि आफ्रिकानर वंशाच्या एका गोऱ्या स्त्रीने जिवाची पर्वा न करता त्याची माहिती दिली, म्हणून तो सापडला. शेजारी राहणाऱ्या ह्या स्त्रीने मोटारीचा क्रमांक पोलिसांना कळवला होता. पहिला कर्ता दुसऱ्यामुळे समूहापासून सुटा झाला. गोऱ्यांनी मारले, असे म्हणण्याची वाटच त्या दुसऱ्या वाक्याने बंद केली. दंगली झाल्या, माणसे मेली. परंतु यादवी टळली. आणि जून १९९३मध्ये निवडणुकीची तारीख मुक्रर झाली : २७ एप्रिल १९९४.

तारीख ठरल्यावरही हिंसा थांबली नाही. जूनमध्ये कडव्या आफ्रिकानरांनी वाटाघाटींच्या इमारतीत चिलखती गाडी घुसवली. जुलैमध्ये केपटाउनच्या सेंट जेम्स चर्चमध्ये पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसच्या सशस्त्र विभागाने प्रार्थनेला जमलेल्या ११ जणांना मारले. २८ मार्च १९९४ रोजी इंकाथाचा मोर्चा जोहान्सबर्गमधील आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या मुख्यालयापाशी आला, तेव्हा इमारतीतील पहारेकऱ्यांनी गोळीबार केला. बुथेलेझी निवडणुकीत उतरायला तयार झाले ते १९ एप्रिलला. मतपत्रिका छापून झाल्या होत्या. त्यांच्या पक्षाचे नाव तळाशी चिकटवण्यासाठी वेगळ्या पट्ट्या छापाव्या लागल्या. मतदानाच्या दोन दिवस आधी जोहान्सबर्गच्या मध्यवस्तीत उजव्यांनी ठेवलेल्या मोटारबाँबने ९ माणसे मेली. मग मैलोगणती रांगांची ती छायाचित्रे आली, आणि सुमारे १ कोटी ९७ लाख मतपत्रिका मोजल्या गेल्या. आधीची चार वर्षे त्या रांगांनी जणू पुसून टाकली. ‘चमत्कार’ हा शब्द रूढ झाला तो तेव्हा. चमत्काराचा कर्ता विचारण्याची रीत नाही.

४

हरवलेला कर्ता शोधण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न केला तो सत्य व सलोखा आयोगाने. १९९५च्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि आर्चबिशप डेस्मंड टुटू ह्यांच्या अध्यक्षतेखाली एप्रिल १९९६पासून जाहीर सुनावण्या घेणाऱ्या ह्या आयोगावर भरपूर लिहिले गेले आहे. त्याच्या एकाच अटीकडे लक्ष वेधायचे आहे. क्षमादान हवे असेल तर प्रत्येकाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा, काय केले ते संपूर्ण सांगावे, आणि कृत्यामागे राजकीय हेतू होता हे दाखवावे. पक्षाला, पलटणीला, जमातीला क्षमा नव्हती. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर आयोगाने कर्तरी प्रयोगाची सक्ती केली. ‘हत्या झाली’ असे म्हणणाऱ्याला क्षमा नाही. ‘मी मारले’ असे म्हणणाऱ्याला ती मिळू शकेल. सुमारे ७,१०० अर्ज आले. क्षमा मिळाली ती ८४९ जणांना.

ही सक्ती सर्वांना मानवली नाही. डी क्लर्क ह्यांनी वर्णभेदाने झालेल्या यातनांबद्दल क्षमा मागितली. परंतु आपण वा आपल्या मंत्रिमंडळाने हत्यांना मंजुरी दिली नव्हती, ह्या भूमिकेवर ते ठाम राहिले. ऑक्टोबर १९९८मध्ये अहवाल निघण्याच्या वेळी स्वतःविषयीचा मजकूर गाळून घेण्यासाठी ते न्यायालयात गेले. आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेस, म्हणजे त्या वेळचा सत्ताधारी पक्ष, संपूर्ण अहवालच थांबवावा म्हणून गेला. त्याचा अर्ज फेटाळला गेला. लढा न्याय्य होता म्हणून लढ्यातील प्रत्येक कृत्याला कर्ता विचारू नये, असे त्या पक्षातील अनेकांना वाटत होते. आयोगाने ते मानले नाही, हा त्याचा मोठेपणा.

पण त्याची मर्यादाही इथेच आहे. बुथेलेझींचा आयोगाला विरोध होता, आणि त्यांचे फारच थोडे अनुयायी अर्ज घेऊन पुढे आले. परिणामी, सर्वाधिक माणसे जेथे मेली त्या नाताळमधील बहुसंख्य मृत्यूंना ‘मी मारले’ असे म्हणणारा कोणी मिळाला नाही. तेथे निवडणुकीनंतरही मारणे थांबले नाही. १९९५च्या ख्रिसमसच्या दिवशी शोबाशोबाने ह्या गावी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या १९ समर्थकांना मारण्यात आले. योगायोग असा की ह्या प्रांताचे नाव आणि ख्रिसमससाठीचा आपला मराठी शब्द एकच आहे. वास्को द गामाच्या जहाजांना हा किनारा १४९७च्या ख्रिसमसच्या सुमारास दिसला म्हणून त्याचे नाव नाताळ पडले. आपल्याकडे तोच शब्द पोर्तुगीजांबरोबर आला आणि सणाचे नाव होऊन राहिला.

५

आयोग बसण्यापूर्वीच एका कादंबरीने हे काम आपल्या परीने हाती घेतले होते. झेक्स एमडा ह्यांची ‘वेज ऑफ डाइंग’ १९९५मध्ये प्रसिद्ध झाली. ख्रिसमसच्या दिवशी एका लहान मुलाच्या अंत्यविधीने ती सुरू होते. टोलोकी हा तिचा नायक स्वतःला धंदेवाईक शोककर्ता म्हणवतो. ओळखपाळख नसलेल्यांच्या दफनाला जाऊन तो रडतो. ह्या अंत्यविधींत एक माणूस उभा राहून मृताला मरण कसे आले ते सांगतो. नोरियाच्या मुलाच्या दफनात तो सांगू लागतो की मुलाला आपल्याच लोकांनी मारले, आणि तेथेच गोंधळ होतो. पुढे उलगडते ते असे : पाच वर्षांच्या त्या मुलाने हॉस्टेलवाल्यांना काही सांगितले, म्हणून वस्तीतल्या तरुण लढवय्यांनी त्याला टायर घालून जाळले. आणि चळवळीचे नेते नोरियाला सांगतात की ह्याविषयी जाहीर बोलू नकोस.

कादंबरीत देशाचे नाव नाही, पक्षांची नावे नाहीत. त्यामुळे तिच्यावर बाजू घेतल्याचा वा टाळल्याचा आरोप करता येतो. आमच्या मते तिचे उत्तर तिच्या निवेदनात आहे. ही कथा गाव सांगतो, ‘आम्ही’ ह्या सर्वनामाने. आम्हांला सगळे ठाऊक असते, कारण आम्ही सगळीकडे असतो, अशी ह्या निवेदकाची धारणा आहे. ज्या ‘आम्ही’ने मूल जाळताना पाहिले तोच ‘आम्ही’ आता शोक करतो आहे आणि गोष्टही सांगतो आहे. आयोगाला ‘मी’ हवा होता. एमडांनी त्याआधी ‘आम्ही’ला साक्षीला उभे केले. जमावात मारणाऱ्या माणसाजवळ ‘मी’ क्वचितच असतो. अशा मरणाचा जबाब घ्यायचा तर तो बहुवचनातच घ्यावा लागतो, हे कादंबरीकाराला कायद्याआधी उमगले होते.

हे वाचताना मराठी वाचकाला स्वतःच्या भाषेतील एक शब्द आठवल्यावाचून राहत नाही : जळीत. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली तेव्हा मारेकरी हिंदू होता हे आकाशवाणीवरून आवर्जून सांगितले गेले. कर्ता स्पष्ट केला, म्हणून हिंदू-मुसलमान दंगली टळल्या. पण महाराष्ट्रात कर्त्याचे नाव कळताच ते एका माणसाचे राहिले नाही, एका जातीचे झाले. आणि पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. मंडेलांच्या भाषणात दुसरा कर्ता का हवा होता, हे ह्यावरून कळते. त्या घटनांना आपण ‘अठ्ठेचाळीस सालचे जळीत’ म्हणतो. घरे जळाली; कोणी जाळली हे त्या नामात नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी त्यावर लिहिलेल्या कादंबरीचे नाव ‘वावटळ’ आहे. वावटळही कोणी सोडत नाही, ती येते. माडगूळकरांना हे उमगले नसेल असे नाही. कदाचित गावाने स्वतःची समजूत कशी घातली तेच त्यांना त्या शब्दाने नोंदवायचे असेल. दोन देशांतील प्रसंग एकसारखे आहेत असे आमचे म्हणणे नाही. माणसांची संख्या, सत्तेचे स्वरूप, सारेच निराळे आहे. एकसारखे आहे ते क्रियापद.

वालुशची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली होती. घटनात्मक न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२२मधील आदेशाने त्याची पॅरोलवर सुटका झाली आणि डिसेंबर २०२४मध्ये त्याला पोलंडला पाठवण्यात आले. दोन्ही वेळा दक्षिण आफ्रिकेत संताप उसळला, तो समजण्यासारखा आहे. पण हानींच्या मारेकऱ्याचे निदान नाव आहे, खटला आहे, शिक्षा आहे. सुटल्यावर संतापता यावे इतका तो ठाऊक आहे. बेनरोजच्या गाडीतील २६ जणांच्या बाबतीत कोणावर संतापायचे, हे त्यांच्या घरच्यांना कोणी सांगितलेले नाही.

वर्गात सांगायचे ते पाचवे वाक्य आम्ही आता बदलले आहे. ‘रक्तपात न होता’ हे शब्द काढून तेथे ‘सुमारे १४ हजार माणसे मारली गेली’ असे लिहितो. एका विद्यार्थिनीने लगेच विचारले, ‘कोणी मारली, सर?’ तासाची घंटा होईपर्यंत आम्ही हॉस्टेले, पोलिस, इंकाथा, आफ्रिकन नॅशनल काँग्रेस ही सगळी नावे फळ्यावर लिहिली, आणि तरीही फळ्यावर बरीच जागा रिकामी राहिली. ती आम्ही तशीच ठेवली.